मंगळवार, सकाळी अकरा

२०२३ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या अलका चौकात एमपीएससीच्या मुलांचं आंदोलन झालं, तेव्हा मीही तिथे बसलो होतो. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचा नवा वर्णनात्मक पॅटर्न लगेच लागू करू नका, २०२५ पासून करा, अशी आमची मागणी होती. ती मान्य झाली. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून नाचत होती. शेजारच्या मित्राने मला घट्ट मिठी मारली. "जिंकलो भावा! दोन वर्षं मिळाली!"

मी मनात हिशोब केला. दोन वर्षांनी मी तीस वर्षांचा होणार. ती दोन वर्षं मिळाल्याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट छातीत धस्स झालं. रूमवर येऊन मी चादर डोक्यावरून घेतली आणि सकाळपर्यंत जागा होतो.

त्या रात्रीबद्दल मी बरेच दिवस कुणालाच सांगितलं नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहान गावातून, बीएस्सी करून, मी २०१७ मध्ये पुण्याला आलो होतो. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर आम्ही पाच जण राहायचो. सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन जागा धरायची, दुपारी मेस, संध्याकाळी शास्त्री रोडला चहा, रात्री अकराला परत. लक्ष्मीकांत यांच्या राज्यघटनेच्या पुस्तकाचं कुठलं पान कुठे फाटलंय, हेही मला पाठ होतं. पहिल्यांदा पूर्व परीक्षेतच गेलो. पुढच्या वेळी मुख्यला थोडक्यात राहिलो. मग कोविड आला. २०२१ च्या मार्चमध्ये तर अवघे तीन दिवस उरले असताना परीक्षा पुढे ढकलली, तेव्हाही आम्ही रस्त्यावर होतो. या सगळ्यात वर्षं कुठे गेली ते कळलं नाही, असं मी म्हणायचो. खरं तर कळत होतं. धाकटी बहीण जीएनएम करून चिंचवडला एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स झाली होती आणि २०२० पासून माझ्या मेसचे पैसे तीच भरत होती. तिच्यासाठी स्थळं यायची. आप्पा सांगायचे, "आधी दादाचं होऊ द्या."

गावात मला पहिल्या वर्षापासूनच साहेब म्हणायचे. पारावरून हाक यायची, "काय साहेब, गाडी कधी?" सुरुवातीला ते गोड वाटायचं. नंतर मी सणालाही गावी जायचं टाळायला लागलो.

एकदा रविवारी बहिणीकडे जेवायला गेलो होतो. ती नाइट करून आली होती, डोळे सुजलेले. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "दादा, रागावू नको. तू परीक्षा दे, नको देऊ, मला काही नाही. पण तू एकदा कुणाशी तरी बोल. आमच्या सिस्टरची मुलगी एका मॅडमकडे गेली होती. करिअर काउन्सेलर आहेत."

मी हसलो. करिअर काउन्सेलिंग ही दहावीच्या पोरांनी करायची गोष्ट, असं माझं मत होतं. शिवाय अनुभव वाईट होता. कॉलेजात असताना एका हॉलमध्ये दहा बोटांचे ठसे घेऊन 'तुमचं जन्मजात करिअर' सांगणारी एक टेस्ट झाली होती. साडेतीन हजार रुपये घेऊन त्यांनी मला गुळगुळीत कागदावर सांगितलं होतं की मी नेता, संशोधक, कलाकार किंवा उद्योजक होऊ शकतो. बोटांच्या ठशांवरून बुद्धी किंवा करिअर कळतं याला शास्त्रीय आधार नाही, हे मला नंतर समजलं. आणि 'मोफत समुपदेशन' असा बोर्ड लावलेली जागा बहुतेक वेळा कुठल्यातरी कॉलेजच्या ॲडमिशनचं दुकान निघते, हेही पाहिलेलं होतं.

"पैसे भरलेत मी," बहीण म्हणाली. "तीन भेटींचे अडीच हजार. परत मिळणार नाहीत."

म्हणून गेलो. पटलं म्हणून नाही, अडीच हजार वाया जातील म्हणून.

मॅडमची जागा नारायण पेठेत होती. एक खोली, स्टीलचं कपाट, तीन खुर्च्या. साठीच्या पुढच्या बाई. मी तयारीनेच गेलो होतो. शिक्षण, गुण, किती अटेम्प्ट, कुठे किती मार्कांनी राहिलो, सगळं धडाधड सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

"तहसीलदार झालास असं धर. एक साधा मंगळवार आहे. सकाळचे अकरा वाजलेत. तू काय करतोयस?"

मी गप्प.

गाडी डोळ्यांसमोर आली. दाराबाहेरचा शिपाई आला. निवड झाल्यावर निघते ती मिरवणूक आली, गुलाल आला, क्लासच्या स्टेजवर मी भाषण करतोय तेही आलं. पण मंगळवार सकाळचे अकरा काही येईनात. सहा वर्षं ज्या खुर्चीसाठी घालवली, त्या खुर्चीत बसून माणूस दिवसभर काय करतो, ते मला माहीत नव्हतं. महसूल संहितेतली कलमं माहीत होती. दिवस माहीत नव्हता.

"लाजू नकोस," त्या म्हणाल्या. "बहुतेकांना माहीत नसतं. दोन कामं देते. एक, तुझ्या ओळखीचं कुणी झालं असेल तर त्याला फोन कर आणि त्याचा मंगळवार विचार. दोन, पंधरा दिवस एक वही लिही. दोन रकाने. घड्याळ कधी विसरलास आणि घड्याळाकडे सारखं कधी पाहिलंस. अभ्यासाचंच नाही, दिवसभरातलं काहीही."

आमच्या अभ्यासिकेतला एक सीनियर नायब तहसीलदार होऊन मराठवाड्यात होता. त्याला फोन केला. तो आधी हसला, मग अर्धा तास बोलला. मीटिंगा, व्हिडिओ कॉन्फरन्स, सुनावण्या, निवडणुकीचं काम, रात्री वाळूच्या गाड्यांच्या मागे जाणं, वरून आलेली पत्रं, खालून आलेली निवेदनं. "आवडतं का रे?" मी विचारलं. तो म्हणाला, "मला भांडण मिटवायला आवडतं. दोन भाऊ बांधावरून भांडत आलेत आणि मी कागद काढून बसलोय, हे मला जमतं. तुला आवडेल का, ते मला कसं माहीत?"

मला तहसीलदार का व्हायचं होतं, हे मी त्या रात्री पहिल्यांदा वहीत लिहिलं. मी दहा वर्षांचा होतो. आजोबा गेल्यावर वारसनोंदीत काहीतरी घोळ झाला होता आणि आप्पा मला बरोबर घेऊन कचेरीत गेले होते. दिवसभर एका खिडकीपुढे उभे. खिडकीआडचा माणूस दर वेळी एक नवा कागद सांगायचा. आप्पांना वाचता येतं, पण त्या फॉर्मची भाषा कळत नव्हती. विचारायची हिंमत होत नव्हती. मधेच एक जीप आली आणि सगळे उभे राहिले. मी ठरवलं, मोठेपणी जीपमधून उतरायचं.

हे लिहून झाल्यावर मी बराच वेळ पानाकडे पाहत बसलो. त्या दिवशी आप्पांना जीपमधला माणूस हवा होता का? त्यांना फॉर्म समजावून सांगणारा कुणीतरी हवा होता.

दुसऱ्या भेटीला मॅडमनी चाचण्या घेतल्या. अभिक्षमता चाचणी वेगळी आणि अभिरुची चाचणी वेगळी. आपल्याला काय जमू शकतं आणि आपल्याला काय करायला आवडतं, या दोन निराळ्या गोष्टी असतात, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी समजलं. अभिरुचीसाठी जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची मांडणी वापरतात. कामं आणि माणसं यांचे सहा ढोबळ प्रकार : हातांनी काम करणारे, शोध घेणारे, कलेकडे झुकणारे, माणसांत रमणारे, पुढाकार घेऊन माणसं हलवणारे आणि व्यवस्था लावणारे. प्रत्येकात थोडंथोडं सगळं असतं, दोन-तीन प्रकार वर येतात. माझ्यात वर आले 'माणसांत रमणारे' आणि 'व्यवस्था लावणारे'. पुढाकार घेऊन माणसं हलवण्यात माझा गुण सगळ्यात कमी होता.

"म्हणजे कारकून," मी म्हणालो.

"माणसांत रमणारे लोक फॉर्म पाहिला की पळतात," त्या म्हणाल्या. "फॉर्म आवडणारे माणसं पाहिली की पळतात. तुला दोन्ही चालतात. हे वाटतं तितकं सर्रास दिसत नाही. पण चाचणीवर फार जाऊ नकोस. वही दाखव."

वहीत फार काही नव्हतं. घड्याळ पाहिलं : चालू घडामोडी, अर्थशास्त्र, टेस्ट सिरीज, पुन्हा टेस्ट सिरीज. घड्याळ विसरलो : नव्या मुलाला अभ्यासिकेत राज्यघटना समजावताना, मेसच्या काकूंच्या मुलाचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना. मधे एक पान कोरं होतं.

"या गुरुवारी काय झालं?"

"काही नाही मॅडम, त्या दिवशी लिहायला वेळच नाही मिळाला."

"काय करत होतास?"

रूममेटचे वडील गावाकडे पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये आणलं. ऑपरेशनचा खर्च ऐकून रूममेट जिन्यातच बसला. मला अभ्यासातून इतकं ठाऊक होतं की धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मी सकाळी आठला समाजसेवा विभाग शोधून काढला. रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, आधार, कशाची झेरॉक्स, कुणाची सही. त्याच्या भावाला गावी फोन करून दाखला व्हॉट्सॲपवर मागवला, मूळ प्रत एसटीने पाठवायला सांगितली. संध्याकाळी चारला फाइल तयार झाली, तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून चहाही घेतलेला नाही.

मॅडमनी पेन उचललं आणि त्या कोऱ्या पानावर, घड्याळ विसरल्याच्या रकान्यात, फक्त 'आठ तास' असं लिहिलं.

त्या पुढे काहीच बोलल्या नाहीत. मला रडू आलं. कशाचं, ते धड सांगता येणार नाही. सहा वर्षं मी स्वतःला रिकामा समजत होतो, इतकं सांगता येईल.

तिसऱ्या भेटीत स्वप्नाची भाषा नव्हती, हिशोबाची होती. माझ्यासारख्याला कुठली कामं आहेत याची त्यांनी यादी काढली होती. त्यात 'वैद्यकीय समाजसेवक' हे एक होतं. मी हा शब्द हॉस्पिटलच्या दारावर वाचला होता, पण ती नोकरी असते, तिचं शिक्षण असतं, हे डोक्यात आलं नव्हतं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये असं पद पहिल्यांदा भरलं गेलं, म्हणजे काम काही नवं नव्हतं. कुठलाही पदवीधर दोन वर्षांचा एमएसडब्ल्यू करू शकतो. पगाराचंही त्यांनी तोंड गोड केलं नाही. "सुरुवातीला वीस हजारांच्या आसपास धर. सरकारी जागा निघतात, पण थोड्या. तहसीलदाराच्या पगाराशी तुलना करणार असशील तर आत्ताच कर, लग्नानंतर नको."

आणि त्यांनी मला परीक्षा सोड असं सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तो निर्णय तुझा. मी फक्त तारीख लिहायला सांगेन. कुठल्या तारखेपर्यंत, आणि त्यानंतर काय." शिवाय ॲडमिशन घ्यायच्या आधी एक पूर्ण दिवस एखाद्या समाजसेवकाबरोबर बसून ये, अशी अटच घातली. मी दोन दिवस बसलो. पहिल्या दिवशी एका बाईंना आम्ही मदत करू शकलो नाही. उत्पन्न मर्यादेच्या थोडं वर होतं. त्या उठून गेल्या, तो चेहरा अजून आठवतो. तरीही दुसऱ्या दिवशी मला परत जावंसं वाटलं.

पुढे मी या विषयावर थोडं वाचलं. करिअर समुपदेशनाची आजची पद्धत ज्यांच्यापर्यंत नेऊन पोचवतात, ते फ्रँक पार्सन्स. त्यांनी १९०८ मध्ये बोस्टनला स्थलांतरित आणि कामगार वस्तीतल्या तरुणांसाठी असं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी ते वारले, त्यांचं पुस्तक १९०९ मध्ये आलं. स्वतः त्यांनी रेल्वेत इंजिनीअर म्हणून काम केलं होतं, पोलादाच्या गिरणीत मजुरी केली होती, शाळेत शिकवलं होतं, वकिली केली होती, महापौरपदाची निवडणूकही हरले होते. त्यांचं म्हणणं तीन पायऱ्यांचं होतं : स्वतःला नीट ओळखा, कामाला नीट ओळखा, मग दोघांची सांगड विचाराने घाला. वाचून मला हसू आलं. वही, मंगळवार आणि तिसऱ्या भेटीतला हिशोब. मॅडमनी माझ्याकडून नेमकं हेच करून घेतलं होतं.

आपल्याकडे यातली मधली पायरी गळते. दहावीला मला चौऱ्याऐंशी टक्के पडले, सगळे म्हणाले, "सायन्स घे, पुढे सगळं करता येतं." तेवढंच माझं समुपदेशन. आमच्या नंतर, २०१६ मध्ये, राज्यात दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू झाली. कल कळणं चांगलंच. पण कामाचा दिवस कसा असतो हे पोराला कुणी दाखवलं नाही, तर तो कल कशाला जुळवायचा? आम्ही पदं पाहतो, काम पाहत नाही. ज्यांना अडीच हजारही जड आहेत त्यांच्यासाठी एक सांगतो, प्रत्येक जिल्ह्यात सरकारचं कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. जाऊन बघा. आणि ते जमलं नाही तरी वही आणि फोन तर आहेच.

मी तारीख लिहिली. त्या वर्षीची पूर्व परीक्षा शेवटची. ती दिली आणि एमएसडब्ल्यूला प्रवेश घेतला. वर्ग सुरू झाले, हॉस्पिटलमध्ये फील्डवर्क सुरू झालं आणि मग निकाल लागला. मी पूर्व पास झालो होतो.

सहा वर्षांत इतके चांगले मार्क कधीच पडले नव्हते. कदाचित भीती गेली होती म्हणून पडले असतील. गावात बातमी पोचली. दोन दिवसांनी आप्पा पुण्याला आले. पिशवीत ज्वारी, शेंगदाण्याची चटणी, आणि नवाकोरा शर्ट. "मुलाखतीला होईल," म्हणाले.

मला तोंडाने सांगता आलं नाही. मी त्यांना घेऊन फील्डवर्कला गेलो. समाजसेवा विभागाबाहेरच्या बाकावर ते बसले, टोपी मांडीवर ठेवून. मी आत-बाहेर करत होतो. त्या दिवशी बीडहून आलेल्या एक आजी होत्या, नातवाचं हृदयाचं ऑपरेशन. त्यांच्या रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं. मी त्यांच्याशेजारी बाकावर बसून फॉर्म वाचून दाखवला, प्रत्येक ओळ. आप्पा पलीकडेच होते.

दुपारी कँटीनमध्ये सांगितलं. मुख्य देणार नाही. हे शिकणार.

आप्पांनी चहा संपवला. मग विचारलं, "इथं पेन्शन आहे का?"

"नाही."

"गाडी?"

"नाही आप्पा."

पुढे ते काहीच बोलले नाहीत. स्वारगेटला गाडीत बसवून देईपर्यंत नाही. मला वाटलं, सगळं संपलं. एसटी सुरू झाल्यावर त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "त्या म्हातारीचं नाव जुळलं का रं?"

"प्रतिज्ञापत्र करायला सांगितलंय. उद्या होईल."

त्यांनी मान हलवली. गाडी गेली.

त्यानंतर जवळजवळ तीन महिने ते माझ्याशी फोनवर नीट बोलले नाहीत. हे सांगायलाच हवं, कारण असे निर्णय घेतल्यावर घरचे लगेच पाठीवर हात फिरवतात असं कुणाला वाटायला नको. माझ्या रूममेटपैकी एक जण पुढे उपशिक्षणाधिकारी झाला. त्याची मिरवणूक मी मोबाइलवर पाहिली आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दोन जण अजून सदाशिव पेठेतच आहेत. त्यांनी चुकीचं केलं असं मी म्हणणार नाही. त्यातल्या एकाला मंगळवार सकाळचे अकरा अगदी स्पष्ट दिसतात, तो बोलायला लागला की मलाही दिसतात. त्याने द्यावी परीक्षा. मला फक्त जीप दिसत होती.

आता मी पुण्यातल्याच एका ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये काम करतो. पगार बावीस हजार. बहिणीचं लग्न मागच्या वैशाखात झालं. तिचे अडीच हजार परत द्यायला गेलो तर तिने घेतले, आणि मोजूनही घेतले. काही दिवस फार वाईट जातात. खाट नसते, निधी संपलेला असतो, नातेवाईक माझ्यावरच ओरडतात, कारण खिडकीत मीच बसलेलो असतो. त्या खिडकीआडच्या माणसावर मी वीस वर्षं राग धरला होता. आता वाटतं, त्यालाही कधी कुणी त्याचा मंगळवार विचारला नसेल.

परवा मंगळवारी अकरा वाजता मी काय करत होतो, ते सांगतो. एका उसतोड कामगाराच्या फाइलीत एक कागद कमी होता आणि तो माणूस तिसऱ्यांदा 'कुठला कागद' विचारायला बिचकत होता. मी उठून त्याच्या बाजूला जाऊन बसलो आणि कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं : कुठे जायचं, काय मागायचं, किती पैसे लागतात. खाली माझा नंबर. इतकंच. साडेअकराला पुढचा माणूस आला.

गावात आप्पा सांगतात, पोरगं पुण्याला दवाखान्यात साहेब आहे. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. आता नाही करत. मागच्या महिन्यात त्यांनी शेजारच्या वाडीतल्या एकाला माझा नंबर दिला. त्याच्या बायकोचं ऑपरेशन होतं. फोनवर तो माणूस म्हणाला, "तुमच्या आप्पांनी सांगितलंय, रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आधीच बघून जा म्हणून."